सलग

"इथे," राजभवनातून आलेला अधिकारी म्हणाला आणि त्याने पेन्सिलीचे टोक कागदावर अलगद टेकवले. "या दोन शब्दांच्या मध्ये आणखी एक शब्द होता, काका. तो तुमच्याकडून राहिला."

वेलांटीकाकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. समोर बारा वर्षांपूर्वीचे प्रूफ होते, कडा पिवळ्या पडलेले, मधोमध घडीची रेघ उमटलेले. कलम चार. 'कोणत्याही व्यक्तीस दोनपेक्षा अधिक मुदती राज्यपालपद भूषवता येणार नाही.' पेन्सिल 'व्यक्तीस' आणि 'दोनपेक्षा' यांच्या मधल्या एवढ्याशा जागेत उभी होती.

"कुठला शब्द?"

"सलग. 'सलग दोनपेक्षा अधिक मुदती.' मूळ मसुद्यात होता, छपाईत गळला."

सरकारी छापखान्याच्या व्यवस्थापकांची ही खोली काकांना नवी नव्हती. खुर्चीत बसलेले व्यवस्थापक कधीकाळी त्यांच्याच हाताखाली उमेदवारीला होते, ऱ्हस्व-दीर्घाचे धपाटे खाऊन मोठे झाले होते. आज ते टेबलावरच्या काचेखालचे कॅलेंडर अशा एकाग्रतेने वाचत होते, जणू त्यातही मुद्रणदोष सापडणार होता.

"आमच्याकडून काही राहिलेलं नाही," काका म्हणाले.

"तुम्हाला बारा वर्षांनंतर आठवतंय?"

"आठवायचं कशाला? खाली सह्या आहेत की."

सह्या होत्याच. प्रत्येक प्रुफाच्या तळाशी दोन चौकटी असत. एक 'वाचले', दुसरी 'तपासले'. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर नजर ठेवायची. 'तपासले'च्या चौकटीत काकांची सही होती आणि 'वाचले'च्या चौकटीत त्यांच्या बायकोची.

भानगड काय आहे ते काकांना कळायला वेळ लागला नाही. अख्ख्या राज्याला कळत होती. या राज्यात राज्यपाल मतांवर निवडून येत, आणि हा कायदा आधीच्या राज्यपालांनी स्वतःच केला होता. पहिल्यांदा निवडून आले तेव्हा नवेपणाचा भर होता. "खुर्ची भाड्याची असते, मुदत संपली की मुकाट्याने जागा खाली करायची," असे त्यांनी भर सभागृहात सांगितले होते आणि बाके वाजली होती. मग दोन मुदती, म्हणजे आठ वर्षे, ते त्या भाड्याच्या जागेत राहिले. पुढे कायद्याने बाहेर पडावेच लागले, तेव्हा मेहुण्याला निवडून आणून तिथे बसवले. बसच्या सीटवर रुमाल टाकून ठेवतात, तसा तो मेहुणा चार वर्षे टाकून ठेवलेला होता. आता निवडणूक तोंडावर आली होती आणि रुमाल उचलायची वेळ झाली होती. अडचण एवढीच की कायद्यातले दोन म्हणजे आयुष्यात दोन. त्यात 'सलग' घुसवला की मध्ये खंड पडलेला माणूस पाटी कोरी करून पुन्हा उभा राहू शकत होता. सभागृहात रीतसर दुरुस्ती आणावी, तर तेवढी मते गाठीशी नव्हती. म्हणून मग ही छपाईची चूक.

"मूळ मसुदा दाखवा," काका म्हणाले.

"तो वाळवीनं खाल्ला हो. ही त्याची त्यावेळची नक्कल." अधिकाऱ्याने दुसरा कागद पुढे सरकवला. त्यात 'सलग' ऐटीत बसलेला होता.

काकांनी कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि परत ठेवला. "या 'ल'ची गाठ बघा. या वळणाचं अक्षर आपल्याकडे सहा वर्षांपूर्वी आलं. त्याआधी राज्याच्या एकाही कचेरीत नव्हतं."

दुसरा कुणी असता तर निदान खाकरला असता. अधिकाऱ्याने कौतुकाने मान डोलावली. "काय नजर आहे! अहो, म्हणूनच तर तुमच्या सहीला वजन आहे. बाकी कुणी लिहून दिलं तर लोक हसतील. वेलांटीकाका म्हणाले चूक झाली, तर ती झाली."

 खोटे बोलणारी माणसे काकांनी पुष्कळ पाहिली होती, पण पकडल्यावर शाबासकी देणारा माणूस ते पहिल्यांदाच पाहत होते.

"आम्ही तुम्हाला अडचणीत आणणार नाही," अधिकारी पुढे म्हणाला. "वाचणाऱ्या तुमच्या मिसेस होत्या ना? पाच वर्षं झाली त्यांना जाऊन, हो ना? मग झालं तर. वाचताना त्यांच्याकडून शब्द सुटला, एवढंच लिहा. तुमच्यावर काही येत नाही, त्यांना आता कुणी काही विचारणार नाही."

 व्यवस्थापक कॅलेंडरचा पुढचा महिना वाचू लागले.

"आणि हो," अधिकारी उठता उठता म्हणाला, "तुमच्या मुलीचा बदलीचा अर्ज तीन वर्षं पडून आहे म्हणे शिक्षण खात्यात. अर्जांचं असंच असतं बघा, कुणीतरी वरचा कागद उचलावा लागतो, तेव्हा खालचा दिसतो. सोमवारपर्यंत विचार करा. महिनाअखेर तुम्ही निवृत्तच होताय, चांगल्या वातावरणात व्हावं."

प्रूफखोलीत परत येऊन काका आपल्या जागेवर बसले. टेबलाच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती. संगणक आल्यापासून मोठ्याने वाचायची पद्धतच गेली. आता एकच माणूस पडद्याकडे बघतो आणि पुढे ढकलतो. त्या खुर्चीवर ती बावीस वर्षे बसली होती. छापखान्यात तिला स्वल्पविरामबाई म्हणत, कारण ती एकही चिन्ह गाळत नसे. शब्द वाचायची, मग स्वल्पविराम म्हणायची, पूर्णविराम म्हणायची, कंस सुरू, कंस पूर्ण म्हणायची. आवाज खणखणीत, यंत्रांच्या खडखडाटातही एकेक अक्षर सुटे ऐकू येई. ती सवय घरीही आली. "मीठ कमी आहे, स्वल्पविराम, पण पाहुण्यांसमोर बोलायचं नाही, पूर्णविराम." लेक लहानपणी बोलायला शिकली ती 'पूर्णविराम' म्हणतच.

लग्नही याच टेबलावर ठरले. रस्तेदुरुस्तीच्या निविदेचे प्रूफ होते. समासात चूक दाखवायची तिथे काकांनी 'लग्न?' असे लिहिले आणि कागद तिच्याकडे फिरवला. तिने ते भर खोलीत खणखणीत वाचले, "लग्न, प्रश्नचिन्ह." छपाईचे खिळे जुळवणारे सगळे माना वळवून बघू लागले. तिने लाल पेन्सिल उचलली आणि समासात लिहिले, 'आहे तसे राहू द्यावे.' खोडलेला मजकूर परत ठेवायचा असला की मुद्रितशोधक असे लिहितात. न खोडलेल्या गोष्टीवर ते कसे लागू पडते, यावरून दोघांचा जन्मभर वाद झाला.

या बाईने म्हणे शब्द गाळला. आता तिला कुणी विचारणार नाही म्हणून.

"काय झालं काका, साहेबांनी कशाला बोलावलं होतं?" पलीकडच्या टेबलावरून चालतंयने विचारले. तो दुसरा शोधक. कुठलेही प्रूफ दाखवा, तो 'चालतंय की' म्हणून सही ठोकायचा, म्हणून हे नाव. काकांनी थोडक्यात सांगितले.

"मग द्या की लिहून."

"शब्द नसताना?"

"अहो, सगळ्यांना ठाऊक आहे काय चाललंय ते. तुम्ही नाही दिलं तर ते यायचे थांबणार आहेत का? दुसरी वाट काढतील. तुम्ही आपली पोरगी घरी आणा." चालतंयने चहाचा कप तोंडाला लावला. "एका शब्दानं काय आभाळ कोसळतंय?"

 चालतंय वाईट माणूस नव्हता, मदतीला धावणारा होता. त्याचीच काकांना जास्त शिसारी आली. कारण त्याचे बोलणे ऐकताना आतून कुणीतरी हळूच 'खरंय की' म्हणाले होते.

लेक शनिवारी दुपारी आली. नदीपलीकडच्या शाळेतून घरी यायला तिला सहा तास आणि तीन बस लागत. नवऱ्याची नोकरी इथे, त्याच्या पाळ्या फिरत्या, म्हणून पाच वर्षांची पोर आजोबांकडेच असे. शनिवारी आई यायची आणि रविवारी दुपारी जायची. तीन वर्षे हेच चालले होते. सुरुवातीला रविवारी पोर दाराची कडी धरून आकांत करायची. आईच्या पिशवीत आपली चप्पल लपवून ठेवायची, म्हणजे आई ती परत द्यायला येईल.

काकांनी लेकीला काही सांगितले नाही. ती भाजी चिरत बोलत राहिली, मुख्याध्यापकांच्या नकला केल्या, आणि मध्येच म्हणाली, "बाबा, अर्जाचं परत विचारून आले मी. तो कारकून म्हणतो, सापडत नाही, नवा करा. चौथ्यांदा."

"कर मग नवा."

"करते. फॉर्म पाठ झालाय आता." ती हसली, पण चिरणे थांबवून हसली.

रविवारी दुपारी ती निघाली. पोर जमिनीवर चित्र रंगवत होती. आईने पापा घेतला, तिने गाल पुढे केला, "टाटा" म्हणाली आणि परत रंगवायला लागली. डोके वर करून बघितलेसुद्धा नाही. लेक दारात एक क्षण थांबली. मग पिशवी खांद्यावर सारखी करून ती जिना उतरली.

काका दारात उभे राहिले. पोर रडली असती तर परवडले असते. तिला सवय झाली होती.

"तुला वाईट नाही वाटत, आई गेली की?" त्यांनी विचारले.

"ती येतेच ना शनिवारी," नात म्हणाली. "आजोबा, हिरवा रंग संपलाय."

त्या दुपारी काकांनी स्वतःशी हिशेब मांडून बघितला, आणि तो मांडतोय म्हणून स्वतःचीच किळस आली. सही नाही दिली तर लेक तिकडेच राहणार. सही दिली तर बायकोच्या नावावर कायमचा डाग. ती काही मोठी बाई नव्हती. तिच्या नावाची पाटी कुठे लागणार नव्हती. बावीस वर्षे तिने एक शब्द गाळला नाही, एवढीच तिची मालमत्ता. ती या गोडबोल्याच्या हवाली करायची? संध्याकाळी वरण पातेल्याला लागले, तेव्हा त्यांना एक वाट सुचली. त्यांना ती फार चांगली वाट वाटली. रात्रभर त्यांना शांत झोप लागली, हे पुढे त्यांना आठवले की लाज वाटायची.

सोमवारी ते लिहूनच घेऊन गेले. स्वतःच्या अक्षरात, एकही खाडाखोड नसलेले निवेदन. 'मूळ प्रतीतील सलग हा शब्द वाचणाऱ्या कर्मचाऱ्याने स्पष्ट वाचला होता. तपासताना तो माझ्या नजरेतून सुटला. चूक सर्वस्वी माझी आहे.'

अधिकाऱ्याने वाचले. काका त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो नाराज होईल, कुरकुर करेल, निदान भुवई वर करेल, अशी त्यांची कुठेतरी अपेक्षा होती. आपण याच्या घशातून एक घास तरी परत काढला, असे काहीतरी.

"वा!" अधिकारी म्हणाला. "हे तर फारच उत्तम झालं. मयत माणसावर ढकललं असतं तर लोकांनी बोटं ठेवली असती. तुम्ही जिवंत आहात, स्वतःहून सांगताय. आम्हाला काय काका, कुणाचीही चूक चालली असती."

"बाईंचं नाव कुठेही यायचं नाही," काका म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच बारीक वाटला.

"छे छे, त्यांचं कशाला? सगळं तुमच्याच नावावर."

काका खोलीबाहेर आले तेव्हा यंत्रे नेहमीसारखी चालू होती. आपण काही वाचवले आहे, या समजात ते सोमवारी सकाळी घरून निघाले होते. ज्याला शब्द हवा होता त्याला तो मिळाला, आणि वर बायकोने तो 'स्पष्ट वाचला' हेही त्यांनीच लिहून दिले होते. जो शब्द तिने कधी तोंडातून काढला नाही, तो त्यांनी तिच्या तोंडी घातला होता. हे त्यांच्या लक्षात जिन्यावर आले. ते तिथेच कठडा धरून उभे राहिले. वर जाऊन कागद परत मागावा, असे वाटले. मग चित्र रंगवणारी पोर आठवली, आणि ते जिना उतरले.

चौथ्या दिवशी शुद्धिपत्र निघाले. 'कलम चारमध्ये दोनपेक्षा या शब्दापूर्वी सलग हा शब्द वाचावा.' विरोधकांनी आरडाओरडा केला. न्यायालयात गेले. न्यायालयाने विचारले, ज्याने कायदा तपासला तोच चूक कबूल करतो आहे, मग तुमचे म्हणणे काय? आणि याचिका फेटाळली.

छापखान्यात मात्र हाहाकार झाला. वेलांटीकाका चुकले! कंपोझिंगमधल्या पोरी तोंडावर हात ठेवून एकमेकींना सांगू लागल्या. ज्यांना काकांनी चौतीस वर्षे एकेका वेलांटीवरून फाडून खाल्ले होते, त्यांना आता हसायचा पुरेपूर हक्क होता. पण कुणी हसले नाही, उलट सगळे त्यांच्याशी मऊ आवाजात बोलायला लागले. आजारी माणसाशी बोलतात तसे. चालतंय तर त्यांच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हणाला, "होतं हो काका. माणूस आहे." त्याला सगळे ठाऊक होते, तरी तो म्हणाला, आणि म्हणताना त्याच्या डोळ्यांत खरोखरची कळकळ होती. 

बदलीचा हुकूम आठव्या दिवशी आला. लेक सामानाच्या दोन ट्रंका घेऊन रिक्षातून उतरली तेव्हा तिला आनंद कुठे ठेवू नि कुठे नको असे झाले होते. "बाबा, चौथा अर्ज भरायच्या आधीच! म्हणजे तिसराच कुठेतरी जिवंत होता!" नात पहिले दोन दिवस तिच्याकडे संशयाने बघत होती. रविवारी दुपारी तिने विचारले, "जायचं नाही का तुला?" आई नाही म्हणाली. मग पोर तिला चिकटली ती रात्रीपर्यंत सुटली नाही. काका हे डोळे भरून बघत, आणि बघता बघता ताट बाजूला सारत.

लेकीने शुद्धिपत्राची बातमी वाचली होती. ती त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही फार लावून घेताय. चौतीस वर्षांत एक शब्द. आणि तुम्ही ते स्वतःहून कबूल केलंत. मी शाळेत पोरांना तुमचंच उदाहरण दिलं."

"कशाला दिलंस?"

"का नको? चूक मान्य करायला हिंमत लागते. आई असती ना, तर आधी तुम्हाला चार दिवस चिडवलं असतं, मग अभिमानानं सगळ्यांना सांगत सुटली असती."

काका उठून मोरीकडे गेले आणि बराच वेळ चूळ भरत राहिले. तेव्हाच सांगायला हवे होते. पण सांगायचे म्हणजे, तुझी ही बदली मी कशाच्या बदल्यात आणली, हेही सांगायचे. तिला ते सोसले नसते. ती दुसऱ्या दिवशी ट्रंका भरून परत निघाली असती, एवढे ते आपल्या लेकीला ओळखत होते.  निवृत्तीच्या दिवशी व्यवस्थापकांनी भाषणात त्यांना आधारस्तंभ म्हटले आणि त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

निवडणूक झाली, रुमाल उचलला गेला. राज्यपाल परत आले. पहिल्याच महिन्यात राजभवनातून जाड कागदाचे पाकीट आले. प्रामाणिक कर्मचाऱ्यांचा गौरव समारंभ होता, आणि यादीत पहिले नाव काकांचे होते.

"मी नाही जाणार," काका म्हणाले.

"असं कसं? जायचं!" लेकीने त्यांचा पांढरा शर्ट इस्त्रीला काढला. "आयुष्यभर तुम्हाला कुणी दोन फुलं दिली नाहीत. आता देतायत तर घ्या. ही पण बघू दे आजोबांना स्टेजवर." नात उड्या मारायला लागली. काकांना सबब सुचेना. शर्ट अंगात चढला, तिने कॉलर नीट केली, आणि सगळे निघाले.

सभागृह मोठे होते, गार होते, खुर्च्यांना मखमल होती. लेक आणि नात तिसऱ्या रांगेत बसल्या. काकांना पहिल्या रांगेत नेऊन बसवले. तो गोड अधिकारी कडेला उभा होता. त्याने लांबूनच हात जोडले, जुन्या ओळखीच्या माणसाला जोडतात तसे.

राज्यपाल बोलायला उठले. बारा वर्षांत अंग सुटले होते, आवाज तोच होता. "चूक कोण करत नाही?" ते म्हणाले. "पण ती चूक आहे हे माहीत असून लोक गप्प बसतात. या गृहस्थांना कुणी विचारलंही नव्हतं. निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना हे स्वतः पुढे आले. कशासाठी? केवळ सत्यासाठी!" टाळ्या पडल्या. मग त्यांचे नाव पुकारले गेले. खरे नाव, पूर्ण, आडनावासकट. ते एवढ्या मोठ्याने ऐकायची सवय नसल्यामुळे ते क्षणभर उठलेच नाहीत, शेजारच्याने कोपराने ढोसले.

राज्यपालांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. ते हात उबदार आणि किंचित ओले होते, आणि फोटो निघेपर्यंत त्यांनी काकांचा हात सोडला नाही. दुसऱ्या कुणीतरी काचेच्या चौकटीतले मानपत्र काकांच्या छातीशी टेकवले. फोटोवाला म्हणाला, "काका, जरा हसा." अंगभर घाण चढत चालल्यासारखे काकांना वाटत होते, पायांपासून वर. लेक तिसऱ्या रांगेत डोळे पुसत होती, आनंदाने.

"काका," निवेदिका माइक पुढे करत लाडिकपणे म्हणाली, "एवढा मोठा सन्मान मिळतोय तुम्हाला. दोन शब्द बोला ना!"

 काकांनी माइककडे बघितले, मग राज्यपालांकडे, मग खाली.

"शब्द नव्हता," काका म्हणाले.

आवाज स्पष्ट होता. मागच्या रांगेपर्यंत एकेक अक्षर सुटे ऐकू गेले. कडेला उभ्या असलेल्या अधिकाऱ्याची मान झटकन वळली. राज्यपालांचे हसू होते तिथेच थांबले. 

"बघा!" निवेदिकेने पटकन माइक स्वतःकडे ओढला. "काका इतके भारावून गेलेत, की त्यांच्याकडे शब्दच नाहीत! जोरदार टाळ्या होऊन जाऊ देत!"

सभागृह उसळले. माणसे उभी राहून टाळ्या वाजवू लागली. राज्यपालांनी सुटकेचा श्वास सोडला, काकांना खांद्याशी धरले आणि स्वतःही टाळ्यांत सामील झाले. काका पुन्हा म्हणाले, "शब्द नव्हता हो, नव्हताच तो," पण माइक लांब गेला होता आणि गोंगाटात ते कुणाला ऐकू गेले नाही.

तिसऱ्या रांगेत लेकही टाळ्या वाजवायला उठली होती. तिचे हात वर आले आणि तिथेच राहिले. ती त्यांच्याकडे एकटक बघत होती. मग तिचे ओठ हलले. ती 'सलग?' असे विचारते आहे हे काकांना इतक्या लांबूनही कळले.

त्यांनी मान हलवली. नव्हता.

ती सावकाश खाली बसली. शेजारी तिची पोर खुर्चीवर उभी राहून जिवाच्या आकांताने टाळ्या पिटत होती. लेकीने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि घट्ट धरून ठेवले.